आधी अक्षर, मग वेग

ऑगस्ट २०२३ मध्ये शाओमीने भारतात रेडमी १२ हा फोन आणला. किंमत दहा हजारांच्या आसपास, स्क्रीन ६.७९ इंचांची, रिझोल्यूशन १०८० बाय २४६० पिक्सेल आणि रिफ्रेश रेट ९० हर्ट्झ. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीचा रेडमी १४सी ५जी साधारण त्याच किमतीत बाजारात आला. त्याची स्क्रीन आणखी मोठी, ६.८८ इंचांची. रिफ्रेश रेटही वाढून १२० हर्ट्झवर गेला, पण रिझोल्यूशन उतरून ७२० बाय १६४० झाले. म्हणजे दीड वर्षात, तेवढ्याच पैशांत, स्क्रीनवरचे एकूण पिक्सेल साडेसव्वीस लाखांवरून बारा लाखांच्या खाली आले. नव्या फोनातल्या स्नॅपड्रॅगन ४ जेन २ या चिपला फुल एचडी प्लस, म्हणजे १०८० पिक्सेलची, स्क्रीन १२० हर्ट्झवर चालवता येते, तेव्हा अडचण चिपची नव्हती. ५जी, मोठी स्क्रीन आणि १२० हा आकडा एका ठरलेल्या किमतीत बसवायचा, तर कशावर तरी पाणी सोडावे लागते आणि ते रिझोल्यूशनवर सोडले गेले. हे एकाच कंपनीने केले असेही नाही. दहा हजारांच्या टप्प्यात बहुतेकांनी हीच वाट धरली आहे. खोक्यावर आणि जाहिरातीत ‘१२० हर्ट्झ’ ठसठशीत छापलेले असते, कमी रिझोल्यूशन सांगणारे ‘एचडी प्लस’ मात्र तपशिलाच्या यादीत शोधावे लागते.

रोजचे वाचन मराठीतून करणाऱ्या माणसासाठी हा सौदा उलटा आहे, असे माझे ठाम मत आहे. मी रिफ्रेश रेटच्या विरोधात नाही. साठ-सत्तर हजारांचा फोन घेणाऱ्याला मी नेमका उलट सल्ला देईन, की जास्त रिझोल्यूशनमागे धावू नका, १२० हर्ट्झ घ्या. हे दोन्ही सल्ले एकाच तर्कातून निघतात. रिझोल्यूशनला एक उंबरठा असतो. तो ओलांडेपर्यंत प्रत्येक पिक्सेल मोलाचा, ओलांडल्यावर जवळजवळ निरुपयोगी. रिफ्रेश रेटला असा उंबरठा नाही. तो वाढवत नेला की फायदा होत राहतो, पण दर पायरीला कमी कमी. म्हणून दोन्हींत निवड करायची वेळ आली, तर पहिला प्रश्न हाच, की आपण उंबरठ्याच्या अलीकडे आहोत की पलीकडे?

निवड करावी का लागते, ते एका गुणाकारातून कळते. रिझोल्यूशन म्हणजे स्क्रीनवर ठिपके किती, आणि रिफ्रेश रेट म्हणजे ते सगळे ठिपके सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवले जातात. एचडी प्लस स्क्रीनवर, म्हणजे ७२० बाय १६०० वर, साडेअकरा लाख पिक्सेल असतात. ते सेकंदाला १२० वेळा रंगवले तर पावणेचौदा कोटी होतात. फुल एचडी प्लसचे, १०८० बाय २४०० चे, सव्वीस लाख पिक्सेल ६० वेळा रंगवले तर साडेपंधरा कोटी. चिपच्या दृष्टीने दोन्ही कामे जवळजवळ सारखीच. वरच्या टोकालाही हेच दिसते: त्याहून दाट क्वाड एचडी प्लस ६० हर्ट्झवर चालवले तर साडेसत्तावीस कोटी, फुल एचडी प्लस १२० वर चालवले तर एकतीस कोटी. सॅमसंगने २०२० मध्ये गॅलेक्सी एस २० मालिका आणली तेव्हा ग्राहकाला सेटिंगमध्येच ही निवड करावी लागे. क्वाड एचडी हवे तर ६० हर्ट्झ, १२० हवे तर फुल एचडी. दोन्ही एकत्र पुढच्या वर्षी, एस २१ अल्ट्रामध्ये मिळाले. महागड्या फोनांत हा पेच सुटला. स्वस्त फोनांत तो अजून आहे आणि तिथे तो ग्राहकाऐवजी कंपनी सोडवते.

आता उंबरठा कुठे आहे ते पाहू. डोळे तपासायला गेल्यावर डॉक्टर ‘सिक्स बाय सिक्स’ लिहून देतात, त्यामागचा तक्ता हर्मन स्नेलन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये तयार केला. सामान्य निरोगी डोळ्याला एक मिनिट कोनाइतका, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो, हे त्याचे गृहीतक होते. तीस सेंटिमीटरवर धरलेल्या फोनवर एक मिनिट कोन म्हणजे ०.०८७ मिलिमीटर. इतके लहान ठिपके एका इंचात सुमारे २९० बसतात. जून २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी ३२६ पिक्सेल प्रति इंचाचा आयफोन ४ दाखवताना दहा-बारा इंचांवरून पाहणाऱ्या डोळ्यासाठी ३०० च्या आसपासचा आकडा ही मर्यादा सांगितली, ती याच हिशेबातून. स्क्रीन-तज्ज्ञ रेमंड सोनेरा यांनी लगेच आक्षेप घेतला. ६/६ ही उत्तम नजरेची सीमा नव्हे, चांगल्या डोळ्यांसाठी बारा इंचांवर ४७७ पिक्सेल प्रति इंच लागतील, असे त्यांचे म्हणणे होते. दोघांच्या आकड्यांत तफावत असली तरी दोघेही एका गोष्टीवर सहमत होते, की मर्यादा आहे आणि ती मोजता येते. सर्वसाधारण वाचकाने ३०० ते ४७७ हा उंबरठ्याचा पट्टा समजावा.

सुरुवातीचे दोन फोन या पट्ट्यावर ठेवून पाहा. रेडमी १२ ची घनता ३९६ पिक्सेल प्रति इंच, म्हणजे पट्ट्याच्या बरोबर मध्ये. रेडमी १४सी ५जी ची २६०, म्हणजे पट्ट्याच्या खाली. तीस सेंटिमीटरवरून पहिल्या फोनचा एक पिक्सेल पाऊण मिनिट कोनाचा दिसतो, दुसऱ्याचा एक मिनिटाहून थोडा मोठा. पंचवीस सेंटिमीटरवर, म्हणजे मुले आणि तरुण फोन जिथे धरतात त्या अंतरावर, पहिला अजूनही एक मिनिटाच्या आतच आहे आणि दुसरा एक मिनिट आणि तिसऱ्या हिश्शापर्यंत जातो. यावर कोणी म्हणेल, की हात थोडा लांब केला, चौतीस सेंटिमीटरवर नेला, की एचडी प्लसही एक मिनिटात बसते, मग एवढा फरक कसला? आक्षेप योग्य आहे आणि म्हणूनच एचडी प्लस स्क्रीन ‘वाईट’ दिसत नाही. ती काठावर आहे. पण स्नेलनचे माप दोन ठिपके वेगळे दिसतात की नाही याचे आहे. एखादी रेघ सरळ आहे की मध्येच सरकली आहे हे ओळखण्यात डोळा कितीतरी तीक्ष्ण असतो. तिथे तो मिनिटाच्या दहाव्या भागाइतका फरकही टिपतो. तिरप्या आणि वळणदार रेघांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात, त्या यामुळेच. फोन त्या कडांवर मधल्या छटेचे करडे पिक्सेल भरून पायऱ्या लपवतो, पण त्या बदल्यात बारीक रेघ फिकट आणि पसरट होते. काळ्यावरचा पांढरा मजकूर असो वा पांढऱ्यावरचा काळा, अक्षर जरा धुवट वाटते ते यातूनच.

इथेच देवनागरीचा मुद्दा येतो आणि तो मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्नेलनच्या तक्त्यातले अक्षर पाच मिनिटे उंचीचे असते, कारण रोमन ‘ई’ तीन आडव्या रेघा आणि मधल्या दोन मोकळ्या जागा अशा पाच थरांत पुरी होते. आपल्या ‘मूर्तींना’ या शब्दातले मधले अक्षर पाहा. शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तीन चिन्हे दाटीने बसलेली, खाली ‘त’चा गोलावा. ‘कर्तृत्व’मध्ये त्याच ‘त’च्या डोक्यावर रफार आणि पायाशी ऋकार. ‘राष्ट्रीय’मध्ये ‘ष’, त्याच्या खाली किंवा शेजारी ‘ट’, त्याच्याखाली ‘र’ची खूण आणि वर वेलांटी. हे सगळे एका ओळीच्या उंचीत मावले पाहिजे. अँड्रॉइडवर १६ मापाच्या मजकुराला एचडी प्लस स्क्रीनवर साधारण ३२ पिक्सेल उंचीची चौकट मिळते, फुल एचडी प्लसवर ४८ ची. बातमीखालची तारीख, फॉर्मवरची सूचना, बँकेच्या ॲपमधली अट अशा बारीक मजकुराचे माप १२ असले, तर त्या चौकटी २४ आणि ३६ पिक्सेलच्या होतात. २४ पिक्सेलमध्ये शिरोरेषेवरची आणि पायाखालची चिन्हे बसवल्यावर मूळ अक्षराला तेरा-चौदा पिक्सेल उरतात आणि अनुस्वाराला तीनेक. ‘ब’ आणि ‘व’ यांत एका तिरप्या रेघेचा फरक, ‘घ’ आणि ‘ध’ यांत शिरोरेषा जोडलेली की तुटलेली एवढाच. चालू गद्यात वाचक संदर्भाने सावरून घेतो. आडनावात, गावाच्या नावात, औषधाच्या नावात संदर्भ मदतीला येत नाही.

मराठी वाचकाच्या फोनवर असा मजकूर काही थोडाथोडका नसतो. सातबाऱ्याचा उतारा, ग्रामपंचायतीची सूचना, शाळेचे परिपत्रक, लग्नपत्रिका हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ किंवा फोटो म्हणून येते आणि त्यातले अक्षर फोनच्या सेटिंगमधून मोठे करता येत नाही. वर्तमानपत्राच्या ई-पेपरचे उदाहरण घ्या. आठ स्तंभांचे पान फोन आडवा धरून पूर्ण रुंदीत उघडले, तर एचडी प्लसवर एका स्तंभाला २०० पिक्सेल मिळतात आणि फुल एचडी प्लसवर ३००. स्तंभाच्या ओळीत वीस-पंचवीस अक्षरे धरली, तर एका अक्षराला पहिल्या ठिकाणी आठ-दहा पिक्सेल, दुसऱ्या ठिकाणी बारा-पंधरा. आठमध्ये जोडाक्षर अंदाजाने ओळखावे लागते, बारा-पंधरामध्ये ते वाचता येते. बोटांनी पान मोठे करता येते हे खरे. पण मग प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते आणि बातमी पुरी होण्याआधीच माणूस कंटाळतो. रोमन लिपी समोर ठेवून ठरलेल्या ३०० च्या आकड्याहून देवनागरी वाचकाचा उंबरठा वर धरायला हवा, तो या कारणांनी. माझ्या मते ३५० च्या खालचा फोन मराठी वाचनासाठी घेऊ नये.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडले पाहिजे, कारण ते कमकुवत नाही. चालत्या एसटीची पाटी वाचताना आपली नजर पाटीबरोबर सरकत जाते आणि पाटीही सलग सरकत असल्याने अक्षरे स्वच्छ दिसतात. स्क्रीनवरचा मजकूर सलग सरकत नाही, तो टप्प्याटप्प्याने उड्या मारतो. ६० हर्ट्झवर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद एका जागी थांबते, मग पुढच्या जागी जाते. नजर मात्र न थांबता सरकत असते, त्यामुळे थांबलेले चित्र डोळ्याच्या पडद्यावर फरपटते आणि धूसर होते. मजकूर सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने सरकवला, तर ही फरपट ६० हर्ट्झवर १.७ मिलिमीटरची असते, ९० वर १.१ आणि १२० वर ०.८. साधारण देवनागरी अक्षराची उंचीच दीड-दोन मिलिमीटर. म्हणजे ६० वर आख्खे अक्षर पुसले जाते, १२० वर अर्धे. आणि हे पिक्सेल कितीही बारीक असले तरी घडते! सरकत्या स्क्रीनवर फुल एचडी आणि एचडी यांत डोळ्याला फरक उरत नाही, म्हणजे जास्तीचे रिझोल्यूशन तेवढा वेळ वायाच जाते. रिफ्रेश रेटच्या बाजूचा याहून मोठा युक्तिवाद मला ठाऊक नाही.

दुसरा फायदा बोटाला जाणवतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २०१२ मध्ये स्पर्श आणि प्रतिसाद यांतले अंतर १०० मिलिसेकंदांपासून १ मिलिसेकंदापर्यंत कमी करत नेणारा प्रयोग दाखवला होता. १०० मिलिसेकंदांवर बोटाने ओढलेला चौकोन बोटामागे रेंगाळताना स्पष्ट दिसतो, १ वर तो बोटाला चिकटल्यासारखा सरकतो. ६० वरून १२० हर्ट्झवर गेल्याने या एकूण विलंबातले आठेक मिलिसेकंद वाचतात. आकडा लहान वाटतो, पण हात ते ओळखतो आणि फोन ‘हलका’ वाटू लागतो. एकदा १२० ची सवय झालेल्याला ६० चा फोन जड का वाटतो, त्याचे उत्तर यात आहे. ही भावना खोटी नाही आणि तिची टर उडवणे मला मान्य नाही.

मग तरीही रिझोल्यूशनला आधी का मानायचे? कारण वाचन स्थिर स्क्रीनवर होते. वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही. तो एका जागी साधारण पाव सेकंद थबकतो, तेवढ्या वेळात अक्षरे टिपतो आणि उडी मारून पुढे जातो. वाचनाच्या अभ्यासात हे एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेले आहे. फोनवर वाचताना आपण मजकूर वर ढकलतो, थांबवतो, वाचतो, पुन्हा ढकलतो. ढकलण्याचा क्षण अर्ध्या सेकंदाचा, वाचण्याचा काळ दहा-वीस सेकंदांचा. १२० हर्ट्झ त्या अर्ध्या सेकंदाला सुंदर करते, रिझोल्यूशन उरलेल्या सगळ्या वेळात कामी येते. आणि वेगाने सरकणारा मजकूर १२० वरही वाचता येत नाही, अक्षराची फरपट अर्धी झाली तरी अक्षर धूसरच राहते. हळूहळू सरकवत वाचण्याची सवय असलेल्यांना मात्र १२० चा खरा उपयोग होतो. सेकंदाला तीन सेंटिमीटरच्या गतीत फरपट अर्ध्या मिलिमीटरवरून पाव मिलिमीटरवर येते आणि हा फरक वाचनीयतेचा आहे. अशा वाचकाने माझ्या निष्कर्षात तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.

व्हिडिओ पाहणाऱ्याचे काय? सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, रील्स बहुधा ३० च्या. स्क्रीन १२० ची असली म्हणून त्यांतली चित्रे वाढत नाहीत. एक बारीक फायदा आहे: १२० ला २४ ने निःशेष भाग जातो, ६० ला जात नाही, त्यामुळे ६० हर्ट्झवर सिनेमातले एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा असे दाखवावे लागते आणि कॅमेरा संथ फिरतो तेव्हा हलका हिसका जाणवतो. रिझोल्यूशनच्या बाजूनेही इथे फार दावा करता येत नाही. नेटफ्लिक्सचा भारतातला फक्त मोबाइलसाठीचा स्वस्त प्लॅन ४८० पी चा आहे, आणि डेटा वाचवायला यूट्यूबही अनेक जण तेवढ्यावरच पाहतात. तिथे दोन्ही स्क्रीन सारख्याच.

दुकानात मात्र चित्र उलटे दिसते. दोन फोन शेजारी ठेवून बोटाने मेनू सरकवला, की १२० चा फोन लगेच उठून दिसतो, आणि रिझोल्यूशनचा फरक दुकानाच्या लख्ख उजेडात, हातभर अंतरावरून, रंगीत वॉलपेपरवर कळतच नाही. म्हणून १२० विकला जातो. पण काउंटरवरच्या नव्याकोऱ्या, रिकाम्या फोनचा गुळगुळीतपणा घरी टिकेलच असे नाही. १२० हर्ट्झ टिकवायचे तर चिपने प्रत्येक चित्र ८.३ मिलिसेकंदांत तयार करून द्यावे लागते. ४ जीबी रॅम, मागे दहा ॲप उघडी आणि स्टोरेज भरत आलेले, अशा फोनकडून ते नेहमी जमत नाही. मग काही चित्रे वेळेवर येतात, काही चुकतात आणि सरकण्यात गचके बसतात. असमान १२० पेक्षा एकसारखे ६० डोळ्याला शांत वाटते. शिवाय जास्त फायदा पहिल्या पायरीतच आहे: ६० वरून ९० वर गेले की प्रत्येक चित्रामागे ५.६ मिलिसेकंद वाचतात, ९० वरून १२० वर २.८, आणि १२० वरून १४४ वर जेमतेम १.४. २०२१ मधली मीडियाटेकची हेलिओ जी ८८ ही साधी चिपही फुल एचडी प्लस स्क्रीन ९० हर्ट्झवर चालवते आणि रेडमी १२ मध्ये तीच होती. म्हणजे स्वस्त फोनात ‘फुल एचडी आणि ९०’ हा समतोल शक्य होता, विकलाही जात होता. तो मागे पडला याची मला मनापासून खंत वाटते.

खेळणाऱ्यांचा आक्षेप वेगळा आहे. वेगवान खेळात १२० हर्ट्झचा फायदा निर्विवाद आहे, पण खेळाने तितकी चित्रे तयार केली तरच. बीजीएमआयसारख्या खेळात ९० किंवा १२० चा पर्याय ठरावीक ताकदवान फोनांवरच उघडतो. दहा हजारांच्या फोनावर १२० ची स्क्रीन असली तरी खेळ बहुधा तिच्या निम्म्या गतीनेही चालत नाही. जाहिरातीतला आणखी एक आकडा इथे गोंधळ घालतो. ‘२४० हर्ट्झ टच सॅम्पलिंग’ म्हणजे स्क्रीन बोटाची जागा सेकंदाला किती वेळा तपासते ते, चित्र किती वेळा बदलते ते नव्हे. ‘१२० हर्ट्झने डोळ्यांवर ताण येत नाही’ हे वाक्यही तपासून घ्यावे. डोळ्यांना त्रास देणारी लुकलुक असते ती बहुधा एमोलेड स्क्रीनची चमक कमी करण्याच्या पद्धतीतून आलेली. तिची गती वेगळी असते आणि रिफ्रेश रेट वाढवल्याने ती जाईलच असे नाही.

एमोलेडचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी सांगायला हवी. एलसीडी स्क्रीनच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपपिक्सेल असतात. फोनांतल्या बहुतेक एमोलेडमध्ये दोनच असतात, हिरवा प्रत्येकात आणि लाल किंवा निळा आळीपाळीने. म्हणून तेवढ्याच आकड्याची एमोलेड स्क्रीन बारीक अक्षराच्या कडांवर थोडी कमी पडते. फुल एचडी प्लसवर हे सहज खपून जाते. एचडी प्लस एमोलेड मात्र वाचकाने टाळलेलीच बरी, तिचे काळे रंग कितीही गडद दिसोत.

माझ्या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो घराघरात आहे. ज्यांना चाळिशी लागली आहे किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, ते फोन लांब धरतात आणि अक्षर मोठे ठेवतात. मोठ्या अक्षराला पिक्सेल आपोआप जास्त मिळतात आणि चाळीस सेंटिमीटरवर एचडी प्लसचा ठिपका डोळ्याच्या मर्यादेच्या आतच असतो. आजी-आजोबांसाठी फोन घेताना रिझोल्यूशनपेक्षा उन्हात वाचता येईल अशी चमक आणि मोठा आवाज पाहावा. उरलेल्या पैशांत चांगला चष्मा होत असेल तर त्याहून उत्तम.

उंबरठ्यापलीकडे काय होते, याचे उत्तर सोनीने दिले आहे. २०१५ मध्ये सोनीने एक्सपीरिया झेड ५ प्रीमियम या साडेपाच इंचांच्या फोनात फोर-के स्क्रीन बसवली. घनता ८०६ पिक्सेल प्रति इंच, म्हणजे सोनेरांच्या कडक मापाच्याही जवळजवळ पावणेदोन पट. फोटो आणि व्हिडिओ सोडले तर तो फोन एरवी फुल एचडीतच चालत असे. पुढे एक्सपीरिया १ मालिकेत सोनीने फोर-के कायम ठेवले, २०२१ मध्ये त्याला १२० हर्ट्झची जोडही दिली. आणि २०२४ च्या एक्सपीरिया १ सहामध्ये तीच कंपनी फुल एचडी प्लसवर उतरली, १२० हर्ट्झ मात्र ठेवले. सॅमसंगने तर २०१७ चा गॅलेक्सी एस ८ क्वाड एचडी स्क्रीन देऊन मुळात फुल एचडीवर लावूनच विकला होता. ज्याला हवे त्याने सेटिंग बदलावे. फोन डोळ्यांपुढे भिंगात धरून पाहायचा असेल, तरच तिथल्या जास्तीच्या पिक्सेलना अर्थ आहे. म्हणून महागड्या फोनांच्या टप्प्यात माझे मत बिनदिक्कत रिफ्रेश रेटला.

क्रमाचा हाच धडा ॲपलच्या साध्या आयफोनच्या मालिकेत दिसतो. २०१९ चा आयफोन ११ ३२६ पिक्सेल प्रति इंचांचा आणि ६० हर्ट्झचा होता. २०२० च्या आयफोन १२ मध्ये घनता ४६० झाली, वेग ६० च राहिला. १२० हर्ट्झ त्या मालिकेत आले ते २०२५ च्या आयफोन १७ मध्ये. मधली पाच वर्षे ६० हर्ट्झवरून त्या कंपनीवर टीका होत राहिली आणि ती रास्तही होती, कारण एवढ्या किमतीत दोन्ही देता आले असते. पण त्या पाच वर्षांत वेगासाठी अक्षराची स्पष्टता मात्र कमी केली गेली नाही.

दहा-पंधरा हजारांत फोन घेणाऱ्याने तपशिलात ‘१०८०’ हा आकडा आहे की ‘७२०’ हे आधी पाहावे. जुलै २०२४ मध्ये चौदा हजारांच्या आत आलेल्या रेडमी १३ ५जी सारख्या फोनात फुल एचडी प्लस आणि १२० दोन्ही होते, त्यामुळे तीन-चार हजार वाढवता येत असतील तर निवडीचा प्रश्नच राहत नाही. वाढवता येत नसतील तर ५जी नसलेला किंवा गेल्या वर्षीचा, पण १०८० आणि ९० चा फोन मिळतो का ते विचारावे. दुकानात मेनू सरकवून पाहण्याऐवजी एखाद्या मराठी वर्तमानपत्राचा ई-पेपर उघडावा, फोन आडवा करून नेहमीच्या अंतरावर धरावा आणि अग्रलेखाचा एक परिच्छेद पान मोठे न करता वाचायचा प्रयत्न करावा. दोन फोनांवर हेच केले की दोन मिनिटांत निवाडा होतो. दुकानदाराचीही त्याला हरकत नसते.